बोटासकट माप

मास्तर माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघायचे, आधी खांद्यांकडे. कोणता खांदा उतरता, कोणता चढा, पोट कुठे लपवलंय, हे गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर असतानाच त्यांना कळायचं. रस्त्याला लागून त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत ते आणि मास्तरीणबाई राहायचे. मास्तर मापं घ्यायचे, कापायचे, शिवायचे. काज, बटणं, हातशिलाई आणि मापांची वही बाईंकडे.

माप घ्यायची रीत चाळीस वर्षांत बदलली नव्हती. टेप अंगाभोवती फिरवायची, टेपेखाली डाव्या हाताचं एक बोट सरकवायचं आणि मग आकडा मोठ्याने बोलायचा. बोट कशासाठी, तर कपड्यात माणसाला श्वास घेता आला पाहिजे. "अंगाचं माप वेगळं, कपड्याचं वेगळं," असं मास्तर म्हणायचे. ते आकडा बोलायचे आणि बाई वहीत टिपायच्या. बाई अक्षर शिकल्या त्या तिशी उलटल्यावर, लेकीच्या अभ्यासाला शेजारी बसून. त्यामुळे त्यांचं अक्षर मोठं आणि सावकाश. पण एकदा लिहिलेला आकडा त्यांनी कधी खोडला नाही.

लेक पोस्टात खिडकीवर बसायची. जावई इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांचं घर दोन गल्ल्या सोडून. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर लेकीला दिवस गेले, तेव्हा मास्तरांनी कुणाला न सांगता पांढऱ्या मलमलीची चार लंगोटं शिवून ठेवली होती. बाईंना ती कापडाच्या ठाणामागे सापडली. त्यांनी कडा उसवून पुन्हा नीट घातल्या.

पाचवा महिना संपत आला होता. एका दुपारी लेक आणि जावई थेट हॉस्पिटलातून दुकानात आले. लेकीने हातातली फाईल कापायच्या टेबलावर ठेवली.

"बाबा, कात्री जरा खाली ठेवा."

मास्तरांनी कात्री ठेवली.

"बाळाच्या डोक्यात पाण्याच्या पोकळ्या असतात. सगळ्यांच्याच असतात. आपल्या बाळाच्या रुंद दिसतायत. बारा मिलिमीटर."

"किती पाहिजेत?"

"दहाच्या आत."

मास्तरांनी मनातल्या मनात टेप उलगडली. "म्हणजे दोन मिलिमीटर जास्त. अगं, एवढं तर माझं शिलाईत जातं."

"ही पँट नाहीये, बाबा."

बाईंनी आत जाऊन चहा ठेवला आणि साखर घालायला विसरल्या. सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

जावई फाईल पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. "लिफ्ट अडकली तर मी वरून खालपर्यंत बघतो," तो म्हणाला. "कुठेतरी काहीतरी सापडतंच. इथे बिघाड आहे की नाही हेच ते सांगत नाहीत."

पुढचे दोन महिने तपासण्यांत गेले. रक्त तपासलं, पोटातलं पाणी तपासलं, मोठ्या मशीनमध्ये लेकीला निजवून बाळाच्या मेंदूचे फोटो काढले. दुसरं काही वावगं सापडलं नाही. पोकळ्या मात्र रुंदच. एकदा बारा, एकदा तेरा, पुन्हा बारा. शेवटी बाळंतपणाच्या आधीच लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बोलावून घेतलं. चौघंही गेले. डॉक्टरीणबाई मास्तरांच्या अंदाजाने पन्नाशीच्या, उजवा खांदा किंचित उतरता, कोट एक माप मोठा.

"अशा पोकळ्या रुंद आहेत आणि बाकी काही सापडत नाही, अशी दहा मुलं घेतली तर त्यातली नऊ इतर मुलांसारखीच वाढतात," त्या म्हणाल्या. "एखाद्याला अडचणी येतात. कुणाला चालायला उशीर, कुणाला बोलायला, कुणाला त्याहून जास्त काही."

"आणि आमचं कितवं?" मास्तरांनी विचारलं.

लेकीने डोळे मिटले. पण डॉक्टरीणबाईंना राग आला नाही. "ते मला माहीत नाही, आजोबा. आज कुणालाच माहीत नाही. दोन वर्षांचं होईपर्यंत आपण बघत राहायचं."

मास्तरांना ते उत्तर आवडलं नाही, पण उत्तर देणारी बाई पटली. ते स्वतः गिऱ्हाईकांना 'मंगळवारी नक्की' सांगून शुक्रवारी कपडे देत आले होते. 'नक्की' या शब्दात किती जीव असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं खणखणीत. चेहरा बटणासारखा वाटोळा म्हणून मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिला गुंडी म्हटलं आणि तेच चिकटलं. डोक्याची तपासणी झाली, पोकळ्या होत्या तेवढ्याच. महिन्यातून एकदा हॉस्पिटलात डोक्याचा घेर मापायचा, हातपाय बघायचे, असं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, "महिन्याभरात दोन सेंटीमीटरच्या वर वाढलं, टाळू फुगली, उलट्या झाल्या किंवा मूल सारखं पेंगायला लागलं, तर तारखेची वाट बघायची नाही. लगेच यायचं."

घरी आल्यावर लेकीने सगळ्यांना समोर बसवलं. "एक गोष्ट ऐका. घरात तिला कुणी मापायचं नाही. डॉक्टर मापतात तेवढं पुरे. सारखं तिच्या डोक्याकडे बघणारी माणसं मला नकोत."

हे बोलताना ती बघत होती मास्तरांकडे.

"मी कुठे बघतो?"

"बघता, बाबा."

"अगं, मी सगळ्यांचंच बघतो. धंदाच तो."

"म्हणूनच सांगतेय. टेप लावायची नाही."

मास्तरांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि कबूल करणं यात फरक असतो, हे बाईंना संसारात फार आधी कळलं होतं. लेकीला अजून कळायचं होतं.

तिसरा महिना संपला आणि लेक कामावर जायला लागली. गुंडी दिवसभर दुकानात. कापायच्या टेबलाला लागून एक खोल टोपली ठेवली होती, तिच्यात मऊ कापडाचे तुकडे अंथरलेले. मशीन सुरू झालं की ती झोपायची, थांबलं की जागी व्हायची. "उलटंच आहे सगळं," बाई म्हणायच्या. "आजोबावर गेलीय." त्या महिन्याचं माप हॉस्पिटलात चाळीस पॉइंट दोन भरलं होतं. ते लेकीने फाईलमध्ये लावलं, आणि मास्तरांनी फाईलमध्ये न बघताच पाठ केलं.

त्याला बारा दिवस झाले असतील. सकाळी अकराच्या सुमाराला नेहमीचे वकीलसाहेब कोटाच्या ट्रायलला आले. कोटाला एकच बाही टाचून झाली होती, दुसरी टेबलावर पडली होती. वकीलसाहेब आरशासमोर उभे, मास्तर तोंडात टाचण्या धरून पाठीवर खडूने खुणा करतायत, तेवढ्यात बाईंनी गुंडीला बाहेर न्यायचं म्हणून टोपी घातली. जन्मल्यावर आठवड्यात शिवलेली टोपी. ती कपाळावर रुतली आणि लाल वळ उठला.

तीन महिन्यांच्या पोराला जन्माच्या वेळची टोपी घट्टच होणार, हे मास्तरांनी दुसऱ्या कुणालाही हसत हसत सांगितलं असतं. पण माणूस आपल्या माणसाच्या बाबतीत सुतावरून स्वर्ग गाठतो. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या.

"इकडे आणा तिला."

"अहो, ती काय म्हणाली होती?"

"टोपीचं माप घेतोय. टोपी शिवायची नाही का?"

वकीलसाहेबांना एका बाहीत तसंच उभं करून मास्तरांनी गुंडीच्या डोक्याभोवती टेप फिरवली, भुवयांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून. टेपेची इंचांची बाजू त्यांच्या बोटांना पाठ होती. सेंटीमीटरची बाजू चाळीस वर्षांत क्वचितच वर आली होती. त्यांनी ती उलटवली, नीट धरली आणि सवयीने मोठ्याने बोलले, "बेचाळीस पॉइंट तीन."

बाईंनी सवयीने लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांचं पेन थांबलं.

"अहो, चाळीस पॉइंट दोन होतं ना?"

मास्तरांनी पुन्हा मापलं. बेचाळीस पॉइंट तीन. तिसऱ्यांदा मापलं. तेच. बारा दिवसांत दोनाच्या वर.

"टाळू बघा," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच तळहात ठेवून बघितला. "मला काही कळत नाही."

"साहेब," मास्तर म्हणाले, "तुमचा कोट..."

"कोटाचं राहू द्या," वकीलसाहेब म्हणाले. "माझी गाडी बाहेर आहे. चला."

अशी ती वरात निघाली. एका बाहीचा कोट घातलेले वकील गाडी चालवतायत, मागे मास्तर गळ्यात टेप घेऊन आणि बाई गुंडीला छातीशी धरून. वाटेत बाईंनी पोस्टात फोन लावला. लेक एवढंच म्हणाली, "निघाले." गुंडी मात्र वकीलसाहेबांच्या मोकळ्या खांद्यावरच्या टाक्यांच्या लोंबत्या दोऱ्याकडे टक लावून बघत होती.

हॉस्पिटलात माप घेणाऱ्या सिस्टर ओळखीच्या झाल्या होत्या. घाई न करणारी बाई. त्यांनी ड्रॉवरमधून कागदी पट्टी काढली, गुंडीच्या डोक्याभोवती गुंडाळली, नखाने खूण धरली.

"चाळीस पॉइंट आठ."

"तुमची पट्टी चुकतेय," मास्तर म्हणाले.

"रोज वीस मुलांना लावते, आजोबा."

"मी तीनदा मापलं. बेचाळीस पॉइंट तीन आहे." मास्तरांचा आवाज दुकानात कधी चढला नसेल तेवढा चढला. "कागदाची पट्टी ती. ही बघा, कापडाची, अस्सल."

"बरं, मापून दाखवा."

मास्तरांनी टेप फिरवली, आकडा वाचायला वाकले.

सिस्टर पण वाकल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, हे बोट कुणाचं?"

टेप आणि गुंडीचं कपाळ यांच्या मध्ये मास्तरांचं डाव्या हाताचं बोट होतं. सुईने टोचून टोचून राठ झालेलं, चांगलं जाडजूड. त्यांनी त्या बोटाकडे असं बघितलं की जणू ते दुसऱ्याच कुणी तिथे आणून ठेवलंय.

"काढा."

काढलं. टेप आवळली. चाळीस पॉइंट आठ.

दारात उभे असलेले वकीलसाहेब आधी खाकरले आणि मग त्यांना हसू आवरेना. बाई खुर्चीत बसल्या. "साप म्हणून भुई धोपटली," त्या म्हणाल्या. "आणि भुई पण आपलीच."

लेक आली ती पळत. पोस्टाचा बिल्ला तसाच छातीवर. दारात एका बाहीचा माणूस बघून ती क्षणभर थबकली, मग आत शिरली. सिस्टरांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. लेकीने गुंडीला उचलून घेतलं आणि वडिलांकडे बघितलं.

"रस्ताभर मी काय काय विचार केला, तुम्हाला सांगू का, बाबा?"

मास्तरांनी टेप गळ्यात अडकवली.

"आणा ती टेप."

त्यांनी गळ्यातून काढून दिली. लेकीने ती गुंडाळली, पर्समध्ये टाकली, चेन ओढली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. एवढं आलात तर बघून घेते, असं म्हणून त्यांनी गुंडीला टेबलावर निजवलं. टाळू बघितली, डोळे बघितले. "डोकं उत्तम आहे. अगदी आपल्या रेघेवर चाललंय." मग दोन्ही हात धरून तिला हळूच उठवलं. अंग वर आलं, डोकं मागेच लोंबत राहिलं. पालथी घातली. गुंडीने नाक चादरीत खुपसलं, जरासं डोकं उचललं, पुन्हा टेकवलं. डॉक्टरीणबाईंनी तिची डावी मूठ उघडली. अंगठा आत होता. सोडल्यावर मूठ पुन्हा मिटली, अंगठा पुन्हा आत. उजवी मात्र मोकळी होती.

खोलीत कुणी हसत नव्हतं.

"डोक्याची काळजी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मान आतापर्यंत जास्त सावरायला हवी होती. आणि हा डावा हात मला आवडला नाही. आपण उद्यापासून व्यायाम सुरू करू."

"म्हणजे आमची दहावी," लेक म्हणाली.

"असं मी म्हटलेलं नाही. व्यायाम सुरू करू, एवढंच म्हणतेय."

"बाबा घाईने घेऊन आले नसते तर?"

"तर अठरा दिवसांनी तारीख होतीच, तेव्हा मला हेच दिसलं असतं. आजोबांनी जीव वाचवला वगैरे काही नाही." त्या मास्तरांकडे वळल्या. "पण अठरा दिवस आधी सुरू झालं, तर माझी तक्रार नाही."

लेकीने टेप परत दिली नाही. मास्तरांनीही मागितली नाही. येताना वाटेत नवी घेतली. ती हातात बसायला महिना गेला, आणि तेवढ्यात एका गिऱ्हाईकाची पँट आखूड झाली.

व्यायाम शिकवणारी ताई चटपटीत होती. गादीवर नको, टणक जागेवर पालथी घाला, म्हणाली. दुकानातल्या कापायच्या टेबलाइतकी टणक जागा कुठली? रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला मास्तर कात्री आणि टाचण्या उचलून ठेवायचे, टेबल पुसायचे आणि गुंडीला पालथी घालायचे. छातीखाली कापडाची वळकटी. समोर रंगीत रिळं, डाव्या बाजूला जवळ, उजव्या बाजूला लांब, म्हणजे डावा हात पुढे यावा. गुंडी आधी रडायची, मग चिडायची, मग उजव्या हाताने लांबचंच रीळ ओढायची.

"हट्टी आहे," मास्तर म्हणायचे.

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसलं घराणं," बाई म्हणायच्या.

त्या वेळी गिऱ्हाईक आलं तर थांबायचं. वकीलसाहेबही थांबायचे. त्यांच्या त्या कोटाची दुसरी बाही दहा दिवसांनी लागली.

एका संध्याकाळी बाई मापांची वही घेऊन बसल्या आणि शेवटून एक पान उलटलं. वर लिहिलं, गुंडी.

"लेक रागवेल," मास्तर म्हणाले.

"टेप नाही म्हणाली ती. पेन नाही असं कुठे म्हणाली?"

त्या पानावर सेंटीमीटर नव्हते. सहावा महिना, मान पुरती सावरली. सातवा महिना, पालथी पडली, उजवीकडून. आठवा, डावीकडून पण. बसली तेव्हा दहावा संपत आला होता, तेही दोन्हीकडे उशा लावून. रांगली नाहीच. फतकल मारून ढुंगणावर सरकायची, डावा पाय दुमडून, उजव्याने जमीन रेटत. दुकानातल्या कातरणात तिची वाट उमटायची.

एक शेजारीण नातवाचा सदरा टाकायला आली. नातू गुंडीच्याच वयाचा, आणि दुकानभर पळत सुटलेला. "आमचा दहाव्यातच धावायला लागला," ती म्हणाली. "तुमची अजून बसूनच का?"

"हो बाई," बाई काज करता करता म्हणाल्या. "आमच्या गुंडीला बसता येतं. तुमच्याला कधी शिकवणार?"

शेजारीण गेल्यावर मात्र त्यांनी तेच काज तिसऱ्यांदा उसवलं. मास्तरांनी बघितलं आणि मशीन सुरू केलं, म्हणजे बोलावं लागू नये.

लेकीचं आणि मास्तरांचं बोलणं तुटलं नव्हतं, पण आखडलं होतं. सकाळी गुंडीला सोडताना ती आईशी बोलायची. संध्याकाळी नेताना मास्तरांना विचारायची, "दोन्ही वेळा झाला?" ते म्हणायचे, "झाला." जावई अधूनमधून मध्ये पडायचा. "बाबा, तिचा राग तुमच्यावर नाहीये," तो एकदा म्हणाला. "कुणावर करायचा ते तिला सापडत नाहीये, म्हणून तुम्ही." मास्तरांना ते पटलं. कुणाला तरी टाचणी लागायचीच, मग ती सवयीच्या हाताला लागलेली बरी.

पंधराव्या महिन्यात गुंडीने मशीनचा पाय धरून स्वतःला उभं केलं. विसाव्यात, एका मंगळवारी, टेबलाचा पाय सोडून ती बाईंच्या खुर्चीपर्यंत चार पावलं गेली. डावा पाय जरा फरपटत होता. मास्तर शिवत होते. त्यांचा पाय मशीनच्या पॅडलवरच राहिला आणि शिलाई गिऱ्हाईकाच्या खिशातून सरळ बाहेर गेली. त्यांनी ती उसवली नाही, आधी पोस्टात फोन केला. खिडकीवर रांग असणार हे माहीत असूनही केला.

"चालली," ते म्हणाले.

पलीकडून बराच वेळ फक्त शिक्क्यांचे आवाज येत राहिले. मग लेक म्हणाली, "किती?"

"चार."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "बरं, बाबा."

दोन वर्षं पूर्ण झाल्यावर मोठी तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं, तो हा दिवस. छोटी खोली, छोटं टेबल, एक तरुण तपासनीस बाई आणि खोकाभर खेळणी. आजी-आजोबांना मागे बसायची परवानगी मिळाली, अट एकच. मदत करायची नाही, बोलायचं नाही, मान पण हलवायची नाही.

आधी तपासनीसबाईंनी लेकीला विचारलं. मान कधी सावरली? बसली कधी? पहिला शब्द कोणता? लेक पोस्टात दिवसभर आकडे तोंडपाठ सांगणारी, पण इथे तिला काही सुचेना. "बसली... दहा? की अकरा?" तिने जावयाकडे बघितलं. त्याने छताकडे.

बाईंनी पिशवीतून मापांची वही काढली आणि शेवटचं पान उघडून टेबलावर ठेवली. बोलायची मनाई होती, त्यामुळे बोलल्या नाहीत.

तपासनीसबाईंनी पान वाचलं, मग मागचं. सगळं मोठ्या, सावकाश अक्षरात, महिन्यासकट. चुकून एक पान जास्त उलटलं तर तिथे कुणाची तरी छाती बेचाळीस, कंबर चव्वेचाळीस. "हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"ते वकीलसाहेब," मास्तर म्हणाले, आणि मनाई आठवून तोंडावर हात ठेवला.

लेक गुंडीचं पान वाचत राहिली. तिला या पानाचं कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग गुंडीची पाळी. ठोकळे एकावर एक ठेव. तिने उजव्या हाताने चार ठेवले, पाचवा पडला. डाव्या हाताने ठेव म्हटल्यावर दोन. खुंट्या भोकात बसव. उजव्याने पटापट बसवल्या, डाव्याने एक, तीही दुसऱ्या भोकात. चेंडूला पाय मार. पाय उचलला आणि बसली. मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. चित्रं दाखवली, बूट कुठे, पक्षी कुठे, तिने सगळी बरोबर दाखवली. कात्रीचं चित्र आलं. "हे काय?"

"आजोबाची," गुंडी म्हणाली. "हात नाही लावायचा."

तपासनीसबाईंनी काहीतरी लिहिलं. लिहिताना त्या हसल्या, पण किती गुण दिले ते दिसलं नाही.

तासाभराने डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना आत घेतलं. कागद समोर होता. "समज आणि बोलणं तिच्या वयाला शोभेल असं आहे. चालणं-फिरणं मागे आहे, चार-पाच महिन्यांनी. डाव्या हाताची कमजोरी आहे, ती राहील, व्यायामाने कमी होत जाईल. पोकळ्या आहेत तशाच आहेत, वाढलेल्या नाहीत. तीन वर्षांची झाली की पुन्हा बघू, शाळेच्या आधी पुन्हा."

लेकीने दोन वर्षं अडवून ठेवलेलं विचारलं. "ती बरी आहे का?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी दहा मुलांबद्दल बोलले, कारण ही मला माहीत नव्हती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता हिच्याबद्दल सांगते. ही चालेल, बोलेल, शाळेत जाईल. धावताना मागे राहील. बूट बांधायला इतरांपेक्षा वेळ लागेल. अभ्यासाचं शाळेत गेल्यावर कळेल, आज सांगितलं तर तो अंदाज होईल."

"म्हणजे नऊमध्ये की..." जावई म्हणाला आणि मध्येच थांबला.

"मला नाही वाटत ही कुठल्या रांगेत बसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ढुंगणावर सरकत का होईना, बाहेर पडेल."

बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक होता. सगळे त्यावर बसले. रडणं आलं नाही, हसणंही नाही, फक्त पाय दमले होते. गुंडी बाकाची कड धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येकाच्या गुडघ्यावर एकेक थाप देत चालली.

लेकीने पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून टेप काढली. तिची गुंडाळी तशीच होती, मधोमध घडीचा डाग पडलेला. पावणेदोन वर्षांत तिने पर्स बदलली होती. टेप नव्या पर्समध्येही आणली होती.

"थंडी येईल आता," ती म्हणाली. "तिला कोट शिवा."

मास्तरांनी टेप हातात घेतली. दोनदा ओढून बघितली, मग गळ्यात घातली. गळ्यातली नवी टेप काढून खिशात ठेवली. ते बाकावरून खाली उतरून गुडघ्यांवर बसले. गुंडीने सवयीने दोन्ही हात वर केले. डावा जरा खालीच राहिला. त्यांनी छातीभोवती टेप फिरवली, बोट आत सरकवलं आणि आकडा बोलले. बाईंनी वही उघडली.

"बोटासकट ना?" त्यांनी विचारलं.

"कपड्याला बोट लागतंच." मास्तरांनी खांदा मापला, मग दोन्ही बाह्या वेगवेगळ्या मापल्या. मग ते थांबले. टेप हातात तशीच. लेकीकडे न बघताच ते म्हणाले, "थंडीत टोपी पण लागते."

लेकीने गुंडीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"घ्या," ती म्हणाली. "पण आकडा मोठ्याने बोलू नका."

मास्तरांनी टेप डोक्याभोवती फिरवली, भुवयांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून, बोट आत ठेवून. मग बाईंच्या कानाशी वाकले. बाईंनी हाताचा आडोसा करून लिहिलं.